क्रेनने माणूस वर पाठवण्याआधी: नव्या साइट इंजिनियर व पर्यवेक्षकांसाठी मार्गदर्शन

बांधकामाच्या साइटवर नव्याने रुजू झालेल्या इंजिनियरला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक दृश्य हमखास पाहायला मिळते. हुकावर एक पाय टेकवून, एका हाताने स्लिंग (माल हुकाला बांधायचा दोर) धरून कुणीतरी वर चाललेला असतो. कधी तो सळईच्या भाऱ्यावर बसलेला असतो, कधी काँक्रीटच्या बकेटीत उभा असतो, तर कधी हायड्राच्या (चाकांवर फिरणाऱ्या छोट्या क्रेनच्या) हुकाला टांगलेल्या रिकाम्या पिंपात. विचारल्यावर उत्तर मिळते, "दोन मिनिटांचं काम आहे, साहेब, आत्ता खाली येईल." हे उत्तर खोटे नसते. एखादा बोल्ट कसायचा राहिलेला असतो किंवा तुळईत अडकलेली स्लिंग सोडवायची असते. काम एवढेसे असल्यामुळेच त्यासाठी कुणी परांची बांधलेली नसते आणि शिडीही आणलेली नसते.

माझा अनुभव असा की क्रेनने माणूस उचलण्याचा निर्णय क्रेनपाशी क्वचितच होतो. कामाचे नियोजन करताना "तिथे माणूस जाणार कसा?" हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पंधरा दिवसांनी समोर उभी असलेली क्रेन देते. म्हणून पुढील पायऱ्या हुकापासून सुरू न होता कागदापासून सुरू होतात. मात्र त्याआधी धोका नेमका कोठे आहे हे समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजता नियम सांगणाऱ्या पर्यवेक्षकाचे म्हणणे मुकादम ऐकून घेतो आणि सोडून देतो.

क्रेन आणि लिफ्ट यांतील फरक

इमारतीतील प्रवासी लिफ्टचा पिंजरा दोन लोखंडी मार्गिकांमध्ये बसवलेला असतो आणि एकाहून अधिक दोरांवर टांगलेला असतो. तो मर्यादेपेक्षा वेगाने खाली येऊ लागला, तर पिंजऱ्याला जोडलेली पकड मार्गिकांना घट्ट धरून त्याला जागीच थांबवते. क्रेनमध्ये यांपैकी काहीच नसते. तेथे भार एका हुकावर, एका वायर रोपवर आणि विंचच्या (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ब्रेकवर अवलंबून असतो. तो हवेत मोकळा झुलत असतो, आणि त्याला हलवणारा माणूस वीस-तीस मीटर दूर, बऱ्याचदा भार दिसतही नाही अशा ठिकाणी, केबिनमध्ये बसलेला असतो.

क्रेनच्या लोड चार्टमधील (किती अंतरावर किती भार उचलता येतो, हे सांगणाऱ्या तक्त्यातील) आकडे माल उचलण्यासाठी काढलेले असतात. क्रेन उलटणार नाही आणि बूम (क्रेनचा लांब हात) मोडणार नाही, एवढीच हमी त्यांत असते. सळईचा भारा हेलकावला, भिंतीला घासला किंवा थोड्या जोराने खाली टेकला, तर होणारे नुकसान भरून काढता येते. भाऱ्याच्या जागी माणूस आला की तोच हेलकावा त्याला स्लॅबच्या कडेवर आपटतो.

नवख्यांच्या लक्षात सहसा न येणारे आणखी दोन धोके येथे सांगितले पाहिजेत. पहिला म्हणजे हुक ब्लॉक (हुक आणि त्यावरील पुल्यांचा संच) बूमच्या टोकावर जाऊन आदळणे. ऑपरेटरचे लक्ष खालच्या माणसावर असताना बूम लांब करत नेली आणि त्या प्रमाणात दोर सोडला नाही, तर हुक ब्लॉक वर सरकत जाऊन टोकाच्या पुलीला भिडतो. तरीही विंच ओढत राहिला, तर दोर तुटतो. हे होऊ नये म्हणून लिमिट स्विच असतो. मात्र तो वारंवार क्रेन थांबवतो म्हणून तारेचा तुकडा जोडून त्याला निकामी केलेले मी एकाहून अधिक साइटवर पाहिले आहे. दुसरा धोका जुन्या क्रेनमधील आहे. काहींमध्ये क्लच सोडून हुक स्वतःच्या वजनाने खाली सोडण्याची सोय असते. मालासाठी ती वेळ वाचवणारी असते, परंतु माणूस टांगलेला असताना तिला जागा नाही.

हायड्राविषयी वेगळे सांगावे लागते, कारण आपल्याकडे माणसे उचलण्याचे सर्वाधिक प्रकार तिच्यावरच होतात. ती स्वस्तात मिळते, साइटवर नेहमी उभी असते आणि भार घेऊन चालू शकते. ती चाकांवरच उभी राहून उचलते, तिला बहुधा आऊटरिगर (क्रेन स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) नसतात, आणि खड्ड्यात एक चाक गेले तरी त्या हिसक्याचे बूमच्या टोकाशी मोठे हेलकावे होतात. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या साइटवर जुन्या धाटणीच्या हायड्राला मज्जाव केला आहे. जेसीबीची बकेट आणि फोर्कलिफ्टच्या काट्यांवर ठेवलेले लाकडी पॅलेट हेही याच जातीचे प्रकार आहेत, आणि त्यांना तर पुढे सांगितलेला अपवादही लागू होत नाही.

माणसांसाठीच बनवलेली साधनेसुद्धा देखभालीअभावी किंवा बिघाडाने जीव घेऊ शकतात. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम भागातील चाळीस मजली इमारतीवर काम संपवून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जणांचा मृत्यू झाला. बांधकामाच्या लिफ्टची ही कथा असेल, तर माणसांसाठी न बनवलेल्या यंत्राचा विचार किती काटेकोरपणे करावा लागेल, याचा अंदाज यावा.

कायद्याची चौकट

नियमांची पाने पाठ करण्याची गरज नाही, पण चार गोष्टी माहीत असाव्यात.

बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याखाली १९९८ मध्ये केंद्राचे नियम आले, आणि महाराष्ट्राने आपले नियम २००७ मध्ये केले. केंद्राच्या नियमांचा मूळ पवित्रा असा आहे की यंत्रशक्तीवर चालणाऱ्या उचलसाधनाने कामगाराला वर नेणे, खाली आणणे किंवा इकडून तिकडे नेणे मनाई आहे. क्रेनवर चालकाची स्वतःची जागा, हॉइस्ट (बांधकामावरील लिफ्ट) आणि मान्यताप्राप्त टांगती परांची हे त्याला अपवाद आहेत. हॉइस्ट किंवा टांगती परांची वापरणे व्यवहार्य नसेल, अशाच परिस्थितीत खुर्ची, पिंजरा किंवा तत्सम साधनातून माणूस नेता येतो. ते साधन मजबूत असावे, त्यातून माणूस बाहेर पडू नये अशी सोय असावी, ते गरगर फिरू किंवा कलंडू नये याची व्यवस्था असावी, आणि हातापायांच्या आधाराला अडथळा होईल असे सामान त्यात नसावे, अशा अटी त्याला जोडलेल्या आहेत. सारांश, हुकावर पाय ठेवून वर जाणे कोणत्याही वाचनाने नियमात बसत नाही.

कारखान्याच्या आवारात काम असेल, तर कारखाना अधिनियम, १९४८ मधील कलम २८ व २९ लागू होत आले आहेत. हॉइस्ट व लिफ्ट यांची सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांतून एकदा, आणि क्रेन, साखळ्या, दोर व इतर उचलसाहित्याची बारा महिन्यांतून एकदा सखोल तपासणी त्यांत सांगितली आहे. ब्रिटनमधील १९९८ चे उचलसाधनांविषयीचे नियम याहून स्पष्ट आहेत: जे साधन माणूस उचलते, त्याची तपासणी सहा महिन्यांनी झालीच पाहिजे. क्रेनने माणूस उचलण्याची वेळ आपल्या साइटवर येत असेल, तर हाच कालावधी धरावा, असे माझे मत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून वरील दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. संक्रमणाच्या काळात जुन्या नियमांतील संहितेशी विसंगत नसलेल्या तरतुदी चालू राहतात, त्यामुळे "जुना नियम गेला" हा युक्तिवाद कुणी केला तर तो मान्य करू नये. याच संहितेने कामगाराला एक हत्यार दिले आहे. मृत्यू किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटत असेल, तर ती बाब तो मालकाच्या नजरेस आणू शकतो, आणि तो धोका खरा असल्याची खात्री पटल्यास मालकाने तत्काळ उपाय करणे बंधनकारक आहे.

पहिली पायरी: वर जाण्याचा मार्ग आधी ठरवा

कामाची पद्धत लिहिताना प्रत्येक टप्प्यासमोर एक रकाना वाढवावा आणि त्यात माणूस त्या ठिकाणी कसा पोहोचेल, तेथे कशावर उभा राहील आणि खाली कसा येईल, हे लिहावे. रकाना रिकामा राहिला की ते काम क्रेनवर जाणार, हे समजून चालावे.

पर्यायांचा विचार पुढील क्रमाने करावा. सर्वप्रथम, वर जाण्याची गरजच टाळता येते का ते पाहावे. ट्रसचे (छताच्या लोखंडी सांगाड्याचे) दोन भाग जमिनीवरच जोडून, बोल्ट कसून, रंगाचा हात मारून मग उचलले, तर वरच्या जोडणीची संख्या निम्म्याहून कमी होते. टॅगलाईन (भार झुलू नये म्हणून धरायचा दोर) आणि दुरून सुटणारे शॅकल (जोडकडी) वापरले, तर स्लिंग सोडवण्यासाठीही वर जावे लागत नाही. त्यानंतर पक्क्या मार्गाचा विचार करावा: जिना, पायऱ्यांचा मनोरा, कठड्यासह बांधलेली परांची, किंवा उंच इमारतीत पॅसेंजर हॉइस्ट. तेही शक्य नसेल तर सिझर लिफ्ट किंवा बूम लिफ्ट (माणसांना वर नेण्यासाठीचे फिरते मंच) भाड्याने आणावी. पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या औद्योगिक पट्ट्यांत ही यंत्रे दिवसाच्या भाड्यावर मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी ती दोन-चार दिवस आधी सांगून मागवावी लागतात, आणि नियोजनाचा रकाना आधी भरण्याचा खरा उपयोग येथे होतो.

बूम लिफ्टच्या भाड्यावरून ठेकेदार वाद घालणारच. त्याच्याशी बोलताना सुरक्षिततेचा आग्रह धरण्याबरोबर हिशोबही मांडावा. क्रेन अर्धा दिवस माणूस टांगून उभी राहिली, तर त्या वेळात तिचे माल उचलण्याचे काम थांबते, आणि क्रेनचे भाडे बहुधा बूम लिफ्टच्या भाड्याहून कमी नसते.

क्रेनच एकमेव मार्ग उरतो अशी परिस्थिती असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उंच चिमणीच्या आतील दुरुस्ती, नदीवरील पुलाच्या खांबाचे माथे, खोल विहिरीत किंवा शाफ्टमध्ये उतरणे, किंवा वर जखमी झालेल्या माणसाला खाली आणणे, ही त्याची उदाहरणे. अशा वेळी इतर मार्ग अशक्य होते किंवा त्यांत धोका अधिक होता, हे कारणांसह लिहून साइटप्रमुखाची सही घ्यावी. अमेरिकेतील बांधकाम सुरक्षा नियमांचीही हीच पूर्वअट आहे, आणि पुढील तपशिलांत मी त्या नियमांचे आकडे वापरले आहेत, कारण ते नेमके असून साइटवर मोजता येण्यासारखे आहेत. आपल्याकडे क्रेनच्या सुरक्षित वापरासाठी आयएस १३३६७ हे मानक आहे आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा सातवा भाग बांधकामातील सुरक्षेविषयी आहे. ते दोन्ही साइट ऑफिसात असावेत.

दुसरी पायरी: वजनाचा हिशोब

माणूस उचलताना क्रेनची त्या अंतरावरील क्षमता निम्मी धरावी. या एका नियमाने बहुतेक वाद मिटतात.

हिशोब असा करावा. समजा, बास्केटचे (माणसे ज्यात उभी राहतात त्या टांगत्या पिंजऱ्याचे) वजन २५० किलो आहे. दोन माणसे त्यांच्या सेफ्टी बेल्ट व बुटांसह २०० किलो, हत्यारे ५० किलो, आणि हुक ब्लॉक, स्लिंग व शॅकल मिळून २०० किलो. एकूण भार ७०० किलो झाला. म्हणजे लोड चार्टमध्ये त्या अंतरावर किमान १,४०० किलो क्षमता दिसली पाहिजे. चार्ट १४ मीटरवर १,८०० किलो दाखवत असेल, तर निम्मे ९०० होतात आणि काम करता येईल. १८ मीटरवर १,२०० दाखवत असेल, तर निम्मे ६०० होतात आणि क्रेन जवळ आणावी लागेल किंवा एक माणूस कमी करावा लागेल. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात त्याच क्रेनचा, त्याच बूमलांबीचा चार्ट वाचावा, आणि तो केबिनमध्ये नसेल तर तेथेच थांबावे.

अंतर मोजताना दोन चुका नेहमी होतात. ते क्रेनच्या चाकापासून किंवा आऊटरिगरपासून मोजले जाते. वास्तविक ते क्रेन ज्या केंद्राभोवती फिरते तेथपासून हुकाच्या ओळंब्यापर्यंत मोजायचे असते. दुसरी चूक अशी की अंतर फक्त उचलण्याच्या जागी मोजले जाते. बास्केट ज्या मार्गाने जाणार आहे, त्यातील सर्वांत दूरचा बिंदू हिशोबात धरावा लागतो.

तिसरी पायरी: जमीन, क्रेन आणि दोर

क्रेन १ टक्क्याच्या आत समतल उभी असावी, आऊटरिगर ज्या प्रमाणात चार्टने सांगितले आहेत तेवढे बाहेर काढलेले असावेत आणि त्यांच्याखाली पुरेशा आकाराचे पाट असावेत. मराठवाडा व विदर्भातील काळ्या मातीवर पावसाळ्यात केवळ पाटांवर विसंबून राहू नये. ती माती वरून सुकल्यासारखी दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. नुकत्याच भरलेल्या पाइपच्या खंदकावर आऊटरिगर आला, तर तो केव्हा खचेल याचा नेम नसतो, म्हणून खंदक कोठून गेले आहेत हे नकाशावर आधीच पाहून घ्यावे.

लिमिट स्विच आणि भारदर्शक चालू आहेत, याची खात्री ऑपरेटरच्या शब्दावर न ठेवता स्वतः करावी. रिकामा हुक हळूहळू वर घेऊन स्विच क्रेन थांबवतो का ते समोर उभे राहून पाहावे. दोराच्या मजबुतीचे गुणोत्तर (तो भाराच्या किती पट ताण सोसतो ते) माणसांसाठी ७ पट, आणि न फिरणाऱ्या जातीच्या दोराला १० पट, अशी अमेरिकी नियमांची अपेक्षा आहे. साइटवर ते प्रमाणपत्रावरून तपासता येते. दोराची तुटलेली तार, गंज, चपटा झालेला भाग आणि पिंजलेले टोक मात्र डोळ्यांनीच पाहावे लागतात.

हुकाची लॅच (हुकाचे तोंड बंद ठेवणारा खटका) सैल असेल किंवा तार बांधून ठेवलेली असेल, तर क्रेन परत पाठवावी. लॅच चांगली असली तरी ती बंद होऊन कुलूपबंद राहिली पाहिजे. तशी सोय नसेल तर नट, बोल्ट आणि स्प्लिट पिन असलेला शॅकल वापरावा. नुसता पिन फिरवून बसवायचा शॅकल हलण्याने सैल होऊ शकतो.

चौथी पायरी: बास्केट

साइटवर वेल्डरकडून अँगल जोडून घेतलेल्या पिंजऱ्याला बास्केट म्हणण्याची सवय मोडावी. बास्केट इंजिनियरने आखलेली हवी, तिच्यावर तिचे स्वतःचे वजन आणि सुरक्षित क्षमता यांची पाटी हवी, आणि तिच्या आराखड्यात मजबुतीचे गुणोत्तर किमान ५ धरलेले असावे. कठडा सुमारे १ मीटर उंच, मधली दांडी, खाली जाळी व पायपट्टी, आणि आत उघडणारे, खटका बसणारे दार, एवढे डोळ्यांनी तपासता येते. वरून काही पडण्याची शक्यता असेल तर माथ्यावर जाळीही हवी.

कठड्याच्या आतल्या बाजूने वेगळी दांडी असणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. पुण्याजवळच्या एका शेडच्या कामावर, मी नवा असताना, ट्रसवरचे आठ बोल्ट उरले होते आणि तात्पुरत्या बास्केटमधून फिटरला वर पाठवण्यास मी हरकत घेतली नाही. वर बास्केट थोडी फिरली. फिटरने साहजिकच कठडा घट्ट धरला होता. ट्रस आणि कठडा यांच्यामध्ये त्याची बोटे सापडली आणि दोन बोटे गेली. क्रेनला काही झाले नव्हते, दोर तुटला नव्हता, आणि दैनंदिनीत त्या दिवशी "काम पूर्ण" एवढेच लिहिले गेले. आत हात ठेवायला जागा असती, तर तो हात आत राहिला असता.

बास्केट चार पायांच्या स्लिंगने अशी टांगावी की एक पाय सुटला तरी ती कलंडणार नाही. त्या स्लिंगा फक्त माणसांच्या बास्केटसाठी राखून ठेवाव्यात. आतल्या प्रत्येकाचा पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट बास्केटच्या सांगाड्यावरील ठरलेल्या जागी अडकवलेला असावा. कमरेचा पट्टा चालणार नाही.

पाचवी पायरी: चाचणी, आणि चाचणीच्या वेळी कुणी जवळ नको

साइटवर बास्केट पहिल्यांदा वापरण्यापूर्वी तिच्या क्षमतेच्या १२५ टक्के वजन भरून ती जमिनीपासून थोडी उचलून ५ मिनिटे धरावी, मग खाली आणून वेल्डिंग, कड्या आणि स्लिंग पुन्हा पाहाव्यात. ३०० किलोच्या बास्केटला हे वजन ३७५ किलो होते. सिमेंटच्या पोत्यांनी हे सहज साधते. पोती बांधून ठेवावीत म्हणजे ती घसरणार नाहीत. दुरुस्तीनंतर ही चाचणी पुन्हा करावी.

दर पाळीच्या सुरुवातीला आणि क्रेन नव्या जागी लावल्यावर, माणसांऐवजी त्यांच्याइतके वजन ठेवून बास्केट पूर्ण मार्गाने एकदा नेऊन आणावी. बूम कशाला घासते, हुक कोठे दिसेनासा होतो आणि चार्टवरील अंतर बरोबर आहे का, हे या फेरीत कळते.

या दोन्ही वेळी क्रेनवर फक्त ऑपरेटर असावा आणि बूमच्या पल्ल्यात कुणीही नसावे. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात नव्या क्रेनची भारचाचणी चालू असताना ती कोसळली आणि अकरा जणांचा मृत्यू झाला. बिघाड असेल तर तो चाचणीतच उघड व्हावा म्हणून तर ती करायची असते, आणि त्या क्षणी तेथे माणसे असू नयेत.

सहावी पायरी: हवा आणि विजेच्या तारा

वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या पुढे गेला तर काम थांबवून जाणकाराने निर्णय घ्यावा, असा अमेरिकी संकेत आहे. कोकण किनारपट्टीवर आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात मी तो निर्णय आधीच "नाही" असा धरून चालतो, कारण तेथे झोत अचानक येतो आणि बास्केटचा पत्रा शिडासारखा वारा पकडतो. वीज चमकत असताना, धुके असताना आणि अपुऱ्या प्रकाशात माणूस वर पाठवू नये.

विजेच्या तारांपासून, त्या ३५० किलोव्होल्टपर्यंतच्या असल्या तरी, २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर अंतराच्या आत माणसे उचलू नयेत. अंतर बूम, दोर आणि बास्केट या तिघांपासून मोजावे. "लाइन बंद आहे" हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. महावितरणचा किंवा संबंधित यंत्रणेचा लेखी बंद आणि अर्थिंग हवे.

सातवी पायरी: प्रत्यक्ष उचल

सुरुवातीला सर्वांची एक बैठक घ्यावी. ऑपरेटर, सिग्नलमन, बास्केटमध्ये जाणारे कामगार आणि पर्यवेक्षक यांनी मार्ग, खुणा आणि अडचण आल्यास काय करायचे हे एकत्र ठरवावे. येथे शब्दांचा घोळ होऊ शकतो. जुने खलाशी (क्रेनला माल बांधणारे कामगार) अजूनही वर घेण्यासाठी "हाबेस" आणि खाली सोडण्यासाठी "आरिया" म्हणतात. गोदीतून आलेले हे शब्द मला फार आवडतात, पण झारखंडहून आलेल्या नव्या ऑपरेटरला ते ठाऊक असतीलच असे नाही. म्हणून वॉकी-टॉकीवर वापरायचे चार-पाच शब्द फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घ्यावेत. सिग्नलमन एकच असावा. थांबण्याची खूण मात्र कुणीही देऊ शकतो, आणि ती कुणीही दिली तरी ऑपरेटरने थांबलेच पाहिजे.

माणसे वर असताना ऑपरेटरने केबिन सोडू नये, चहासाठीही नाही. क्रेन चालवत नेऊ नये, दुसऱ्या हुकाने काही उचलू नये, आणि वेग एकसारखा व मंद ठेवावा. बास्केट स्लॅबपाशी पोहोचल्यावर ती टॅगलाईनने किंवा साखळीने पक्क्या भागाला बांधल्याशिवाय कुणीही बाहेर पाय टाकू नये. तेथून बाहेर येताना सेफ्टी बेल्टची दुसरी कडी आधी इमारतीला अडकवावी आणि मगच बास्केटमधील कडी सोडावी. बास्केटमधून वेल्डिंग करायचे असेल तर होल्डर बास्केटच्या लोखंडाला लागणार नाही, अशी व्यवस्था करावी. नाहीतर प्रवाह दोरातून जाऊन तो आतून जळतो.

वर अडकल्यास काय करायचे, हे खाली असतानाच ठरलेले असावे. इंजिन बंद पडले तर हाताने बास्केट खाली आणण्याची सोय त्या क्रेनमध्ये आहे का, आणि ती चालवता कुणाला येते? सेफ्टी बेल्टमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, कारण पट्ट्यांमुळे पायांतील रक्त परत फिरत नाही. म्हणून अग्निशमन दलाची वाट पाहणे हा बचावाचा आराखडा होऊ शकत नाही. दुसरी बास्केट, दोर किंवा बूम लिफ्ट जवळ तयार हवी. लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहण्यास सांगावे.

नकार देताना

मुकादम तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा असेल आणि त्याने अशा शंभर उचली पाहिलेल्या असतील. त्याच्याशी सगळ्यांसमोर वाद घालू नये. "मामा, याला मी सही करू शकत नाही, पण उद्या सकाळी सिझर लिफ्ट आणून देतो," असे म्हटल्याने त्याचा मान राहतो आणि काम थांबत नाही. नकारासोबत पर्याय नसेल तर तुमची पाठ वळताच माणूस वर जाईल. ऑपरेटरला आपल्या बाजूला घेणे अधिक उपयोगी पडते, कारण हँडल त्याच्या हातात असते आणि अपघात झाल्यावर पोलीस सर्वप्रथम त्यालाच शोधतात. माणूस उचलण्यास ऑपरेटरने नकार दिला तर त्याच्या हजेरीत किंवा बिलात काही कापले जाणार नाही, हे क्रेनमालकाच्या कामाच्या आदेशातच लिहून घ्यावे.

दबाव वरून आला, तर दोन ओळींचा संदेश लेखी पाठवावा: काय सांगितले गेले, त्यात धोका काय, आणि तुम्ही कोणता पर्याय सुचवला. रागाचा सूर नको.

बांधकाम कामगारांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हेही बास्केटमध्ये पाठवण्यापूर्वी पाहून घ्यावे. वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती करता येते, आणि कागदपत्रे अपघातानंतर गोळा करणे कुटुंबाला फार जड जाते.

दिवसाचे काम संपल्यावर बास्केट हुकावरून काढावी, स्लिंगा वेगळ्या खोलीत ठेवाव्यात आणि बास्केटच्या दाराला कुलूप लावून किल्ली साइट ऑफिसात जमा करावी. उघडी राहिलेली बास्केट रात्रीच्या पाळीत राबिट (बांधकामाचा कचरा) वाहायला वापरली जाते, तिच्या कड्या वाकतात, आणि सकाळी ती पुन्हा माणसांसाठी टांगली जाते.